सलाईन चालू असताना लुडो: लांबलेल्या आजारपणात घरच्यांनी मिळून खेळायचं कसं

मुलाला रक्ताचा कॅन्सर निघाला की आठवड्याभरात घरातली भाषा बदलते. गोळी घेतलीस का, ताप किती, काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) किती आला, उलटी झाली का, हात धुतलेस का. आई दिवसभर मुलाशेजारी बसून त्याच्याशी बोलत असते, पण त्यातलं नव्वद टक्के बोलणं नर्सनेही बोलावं असंच असतं. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर म्हणजे एएलएल (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया). त्याचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये विदर्भातून, खानदेशातून, मराठवाड्यातून आलेली किती तरी कुटुंबं हा सगळा काळ दोन-तीन ठिकाणी विभागून काढतात. आई आणि मूल दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, नाहीतर सेंट ज्यूडसारख्या संस्थेच्या खोलीत. बाप गावी, कारण शेत किंवा नोकरी सोडली तर औषधाचे पैसे कुठून आणायचे? आणि धाकटी बहीण आजीकडे, जिला कुणी नीट काही सांगितलेलंच नसतं.

अशा घरात मोबाईलवरचा एखादा गेम काय करू शकतो आणि तो कसा खेळायचा, ते इथे सांगतो. गेमने आजार बरा होत नाही. पण रोज वीस मिनिटं घरातल्यांना आजार सोडून दुसऱ्या एका गोष्टीकडे एकत्र बघता येतं, आणि ज्या मुलाच्या अंगावर दिवसभर दुसरेच काहीबाही करत असतात त्याला तेवढा वेळ तरी स्वतः काहीतरी करता येतं.

हे नुसतं बरं वाटण्यापुरतं नाही, यामागे मेंदूचा एक साधा हिशेब आहे. लक्ष देण्याची ताकद मर्यादित असते. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा आभासी बर्फाचा खेळ बनवला. जखमेची पट्टी बदलताना रुग्ण त्यात बर्फाचे गोळे फेकत बसले की त्यांना दुखणं कमी जाणवायचं. जखम तीच असते, पण तिच्याकडे द्यायला लक्ष कमी उरतं. ऑक्सफर्डमध्येही असंच काहीसं दिसलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रस्ता अपघातानंतर सहा तासांच्या आत आपत्कालीन विभागात आलेल्या ७१ जणांपैकी काहींना अपघाताची आठवण करायला लावून साधारण वीस मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. पुढच्या आठवड्यात या लोकांच्या डोळ्यांसमोर अपघाताची चित्रं अचानक उभी राहण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी निघालं. घसरणारे ठोकळे बसवताना मनातली जी चित्रं बनवायची जागा वापरली जाते, तीच जागा त्या आठवणींनाही लागते. मात्र हा अभ्यास छोटा होता आणि हिशेब एका आठवड्याचा होता. म्हणून टेट्रिस लावून समुपदेशकाकडे जायचं टाळणं चुकीचंच.

तिसरा अभ्यास आम्हाला सगळ्यात बोलका वाटतो. ‘री-मिशन’ हा २००६ सालचा गेम खास कॅन्सरच्या तरुण रुग्णांसाठी केलेला होता. त्यात रॉक्सी नावाची चिमुकली यंत्रमुलगी शरीरात शिरून कॅन्सरच्या पेशींवर गोळ्या झाडते. ३४ रुग्णालयांमधल्या १३ ते २९ वयाच्या ३७५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २००८ साली निकाल छापून आला. गेम खेळणाऱ्यांनी औषधं जास्त नियमित घेतली, हे गोळ्यांच्या बाटलीवरच्या मोजणीवरून आणि रक्तातून सिद्ध झालं. पण ताणतणाव किंवा जगण्याचं समाधान यांत फरक दिसला नाही. एकट्याने खेळलेल्या चांगल्या गेमने माहिती दिली, सवय लावली. मनावरचं ओझं उतरवायला तेवढं पुरलं नाही. आमच्या मते तिथेच शेजारी बसून खेळणारं माणूस लागतं.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येऊ. इथे बहुतेक घरं एकच चूक करतात: एक गेम धरतात आणि रोज तोच खेळतात. केमोचं वेळापत्रक जसं ठरलेलं असतं तसंच मुलाच्या अंगातल्या बळाचंही असतं. गेम त्याप्रमाणे बदलावा लागतो.

सलाईन चालू असलेल्या दिवशी बोटांचा वेग लागणारं काही नको. सुई कोपराच्या वळणावर लावली असेल तर हात वाकला की नळी दबते आणि पंप पीं-पीं करायला लागतो. मग नर्स येते, ओरडते आणि खेळ मोडतो. सुई शक्यतो मूल ज्या हाताने लिहितं त्याच्या दुसऱ्या हाताला लावा, हे आधीच विनंती करून सांगता येतं. बहुतेक नर्स ऐकतात. फोन हातात धरायला लावू नका. जेवणाच्या टेबलावर उशी, उशीवर फोन उभा, आणि मुलाने एका बोटाने टिचकी मारायची. लुडो, सापशिडी, कॅरम, बुद्धिबळ, पत्ते असे पाळीपाळीने खेळायचे खेळ इथे उत्तम, कारण मधेच उलटी आली तरी डाव तिथेच थांबतो. ज्यात कॅमेरा माणसाच्या डोळ्यांसारखा फिरतो असे धावपळीचे त्रिमितीय गेम त्या दिवशी बंदच. धडधाकट माणसाला त्यांनी मळमळतं, तर केमो चालू असलेल्या मुलाचं काय सांगावं!

याच दिवसाबद्दल आणखी एक सावधगिरी. १९७८ साली सिएटलमध्ये मुलांना केमोच्या आधी एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं गेलं. नंतर त्या मुलांनी तेच आइस्क्रीम नाकारलं, कारण मळमळ आणि ती चव मनात एकत्र बांधली गेली होती. केमोच्या नुसत्या वासाने किंवा हॉस्पिटलचं गेट दिसताच उलटी येते ती याच कारणाने. हा धडा खेळालाही लावावा. मुलाचा सगळ्यात लाडका गेम केमोच्या खुर्चीसाठी राखून ठेवू नका. तिथे साधा लुडो चालेल. लाडका गेम घरी, बऱ्या दिवसासाठी.

पाठीतल्या इंजेक्शननंतर डॉक्टर सांगतील तितका वेळ पडून राहायचं असतं. पडल्या पडल्या तोंडावर फोन धरला की तो हमखास नाकावर पडतो. त्यापेक्षा फोन आईने धरावा आणि मुलाने नुसतं सांगावं: “तीन नंबरची पुढे ने.” हात न हलवताही डाव आपल्याच हुकमाने चालतो.

स्टेरॉइडचा आठवडा वेगळा. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन चालू असताना मूल भुकेलं असतं, हट्टी होतं, क्षणात रडतं, क्षणात चिडतं. तो त्याचा स्वभाव नसतो, औषध असतं. या दिवसांत लुडो काढलात आणि तुमच्या सोंगटीने त्याची सोंगटी घराच्या तोंडाशी येऊन मारली, तर फोन भिंतीवर आपटलाच म्हणून समजा. इथे हरजीत नसलेला, दोघांनी मिळून काहीतरी उभारायचा गेम हवा. माइनक्राफ्ट यासाठी फार उपयोगी आहे. जग तयार करताना अवघडपणाची पातळी ‘पीसफुल’ ठेवली की राक्षस येत नाहीत आणि भूकही लागत नाही. दोघांनी मिळून वाडा बांधायचा, कोंबड्या पाळायच्या. राक्षसाच्या हल्ल्यात कुणी मरत नाही.

व्हिन्क्रिस्टीन हे औषध हातापायांच्या नसांवर परिणाम करतं. बोटांना मुंग्या येतात, पकड सैल पडते, शर्टाचं बटण लागत नाही. मुलाला हे सांगता येतंच असं नाही. ते फक्त म्हणतं, “हा गेम बोअर आहे.” कालपर्यंत आवडणारा वेगाचा गेम अचानक बोअर झाला असेल तर बोटांची चौकशी करा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. घरी टीव्हीला जोडायचा गेमचा संच (कन्सोल) असेल, परदेशातल्या बऱ्याच मराठी घरांत असतो, तर त्यातल्या सोयी वापरा. ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’मध्ये ‘स्मार्ट स्टिअरिंग’ चालू केलं की गाडी रस्ता सोडत नाही, मग बोटं दुखणारा नातू आणि पहिल्यांदाच रिमोट धरलेली आजी एकाच शर्यतीत पळू शकतात. एक्सबॉक्सवर ‘कंट्रोलर असिस्ट’ (आधीचं नाव ‘कोपायलट’) नावाची सोय आहे. त्यात दोन रिमोट मिळून एकच खेळाडू चालवतात, म्हणजे मुलाने दिशा द्यायची आणि बाबांनी बटणं दाबायची.

हॉस्पिटलच्या वाय-फायवर एकत्र खेळायला गेलात की पहिला अडथळा येतो. दोन्ही फोन त्याच वाय-फायला जोडलेले असतात, तरी एकाला दुसऱ्याचा गेम दिसत नाही. गेम बिघडलेला नसतो. पाहुण्यांच्या वाय-फायवर सुरक्षिततेसाठी फोन एकमेकांपासून मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. उपाय सोपा आहे: एका फोनचा हॉटस्पॉट लावा, दुसरा त्याला जोडा. शेजारी बसून खेळताना अशा गेमचा डेटा या दोन फोनांतच फिरतो, नेट पॅक जवळजवळ खर्च होत नाही. नेट संपतं ते गेमच्या अपडेटमध्ये. म्हणून अपडेट धर्मशाळेत किंवा घरीच करून घ्या, आणि दोन्ही फोनांवर एकाच दिवशी. आवृत्ती वेगळी असली की माइनक्राफ्टसारखा गेम जोडणीच नाकारतो, आणि हे नेमकं केमोच्या खुर्चीत बसल्यावर कळतं.

काउंट खाली असताना, म्हणजे बऱ्याच केमोंनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत, फोन हा जंतूंचा डबाच समजावा. फोन बंद करून, कव्हर काढून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पुसण्याने पडदा, मागची बाजू आणि कडा पुसा. कव्हर वेगळं पुसा. पूर्ण वाळू द्या. द्रव थेट फोनवर फवारू नका, तो स्पीकरच्या जाळीतून आत जातो. कानातले इअरफोन कुणाशीही वाटून घ्यायचे नाहीत, भावंडाशीसुद्धा. मुलाला कधी झटके आले असतील तर लखलखणारे गेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

गावी असलेल्या बाबांसाठी आणि बहिणीसाठी वेगळा विचार करावा लागतो. रात्री आठ वाजता सगळे ऑनलाइन येऊ, असं ठरवलेलं आजारपणात टिकत नाही. आठ वाजता ताप चढलेला असतो, नाहीतर बाबा मोटर लावायला गेलेले असतात. मग बहिणीला वाटतं दादाला आपल्याशी खेळायचंच नाही. म्हणून असा खेळ हवा ज्यात दोघांनी एकाच वेळी हजर असायची गरज नाही. लीचेस या मोफत, जाहिराती नसलेल्या बुद्धिबळाच्या अ‍ॅपवर एका चालीला एक दिवसापासून १४ दिवसांपर्यंत मुदत ठेवता येते. तीन दिवसांची ठेवा. बाबा पहाटे घोडा हलवतील, मूल दुपारी बरं वाटेल तेव्हा उत्तर देईल. ताप आला तर चाल उद्यावर. खातं उघडून त्यात ‘किड मोड’ चालू केला की अनोळखी लोकांचे संदेश पूर्ण बंद होतात. बुद्धिबळ येत नसेल तर बाबांनी या निमित्ताने शिकावं, तेही मुलाकडून. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून विदर्भातल्या मुलांना शिकवायला आयतं कारणही मिळालं आहे.

ठरवून भेटता येईल त्या रविवारी लुडो किंग चालतं. हा गेम आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा, २०१६ चा, आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचलेला. मित्रांशी खेळायचा पर्याय निवडून खोली उघडायची आणि तिचा कोड घरच्यांना पाठवायचा. बोलण्यासाठी साधा फोन स्पीकरवर लावावा, नेट लटकलं तरी आवाज तुटत नाही. बहिणीला इंग्रजी वाचता येत असेल तर ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’ हा विकतचा गेम बघा. बॉम्ब एकालाच दिसतो, तो निकामी करायची २३ पानी पुस्तिका बाकीच्यांकडे असते, आणि सगळं बोलूनच सोडवायचं. एरवी दादाला ‘कसा आहेस’च्या पुढे काय विचारावं ते न सुचणारी बहीण इथे त्याच्यावर हक्काने ओरडते: “लाल वायर कितवी आहे ते नीट सांग ना रे!” पण त्यातलं टिकटिक आणि पीं-पीं सलाईनच्या पंपासारखं वाजतं. त्या आवाजाने दचकणाऱ्या मुलाला हा गेम देऊ नका.

आता खेळताना मोठ्यांनी कसं वागायचं ते. मूल शिकवेल तसं शिका आणि मुद्दाम हरू नका. आजारी मुलाला ते लगेच कळतं, आणि ‘आपलं फार वाईट चाललं असणार’ असा अर्थ ते त्यातून काढतं. सामना बरोबरीचा करायचा असेल तर नियम उघडपणे बदला, म्हणजे आईने एक सोंगटी कमी घ्यायची.

शेजारी शेजारी बसून खेळण्याचा मोठा फायदा असा की नजर पडद्यावर असते. समोरासमोर बसवून “तुला भीती वाटते का?” विचारलं की मूल मान हलवून नाही म्हणतं. डाव चालू असताना मात्र असं काहीतरी होतं:

“आई, तुझी लाल मारू?”

“मार की.”

“उद्या पाठीतलं इंजेक्शन आहे ना?”

“हो, सकाळी.”

“मागच्या वेळी मी पूर्ण झोपलोच नव्हतो. मला सगळं कळत होतं.”

इथे आईचा हात आपोआप फोन खाली ठेवतो, ती वळते, त्याला जवळ घेते, आणि मूल गप्प होतं. त्यापेक्षा फासा टाका आणि नजर पटावरच ठेवून म्हणा, “हो का? मग सकाळी आपण दोघं मिळून डॉक्टरांना सांगू. चार पडले, कुठली नेऊ?” बोलायचं असेल तर ते पुढे बोलेल. सकाळी डॉक्टरांना सांगायला मात्र विसरू नका. भूल नीट लागली नव्हती ही माहिती त्यांना हवीच असते.

अमेरिकेतल्या एका २०११ च्या पाहणीत आई-वडिलांबरोबर खेळणाऱ्या किशोरवयीन मुलींना घराशी जास्त जवळीक वाटत होती, पण खेळ त्यांच्या वयाला न शोभणारे असले की हा फायदा विरत होता. मुलग्यांमध्ये असा फरक दिसला नाही. ते एरवीच इतकं खेळतात की त्यात घरच्यांबरोबरचा वाटा किरकोळ ठरतो, असा संशोधकांचा अंदाज होता. थोडक्यात, मुलगा दिवसभर खेळतोच आहे, मग आमची काय गरज, असं बाबांनी म्हणू नये.

किती वेळ? जपानमध्ये २०२० ते २०२२ या काळात गेमच्या संचांचा तुटवडा होता आणि दुकानं सोडत काढून ते विकत होती. त्यामुळे संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला. संच लागलेल्या लोकांची मनःस्थिती न लागलेल्यांपेक्षा बरी निघाली, पण दिवसाला तीन तासांच्या पुढे तो फायदा कमी कमी होत गेला. आजारी मुलाला आम्ही इतकाही वेळ सुचवणार नाही. वीस मिनिटं एकत्र, हवं तर दिवसातून दोनदा, आणि शेवट डावाच्या शेवटाला. “पाच मिनिटांत बंद” म्हणण्यापेक्षा “हा डाव झाला की बंद” म्हटलेलं भांडणाशिवाय पार पडतं. रात्रीचं खेळणं झोप खातं, आणि वॉर्डमध्ये झोप आधीच तुटपुंजी असते. नर्स मध्यरात्री ताप मोजायला येतेच. जागतिक आरोग्य संघटनेने गेमचं व्यसन हा विकार मानला आहे, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटणं आणि बाकी सगळं आयुष्य मागे पडणं हे साधारण बारा महिने दिसावं लागतं. केमोच्या महिन्यात जरा जास्त खेळला म्हणून लगेच ते लेबल लावू नका.

खरी गडबड बऱ्याचदा मोठ्यांकडून होते. उपचारांच्या खर्चाने पिचलेला बाप रात्री व्हरांड्यात बसून पैसे लावायचा पत्त्यांचा खेळ उघडतो, ‘दोन हजार लावले तर दहा हजार’. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तरी असल्या जाहिरातींच्या लिंक फिरत राहतात. मुलाच्या फोनवर अशी लिंक आली तर उघडू नका, पुसून टाका. मुलाच्या गेममध्येही कपडे, हिरे, नाणी विकायला ठेवलेली असतातच. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीच्या वेळी दर वेळेस पडताळणी मागण्याचा पर्याय चालू करा, आणि यूपीआयचा पिन मुलासमोर दाबू नका. हॉस्पिटलच्या बिलासाठी ठेवलेली रक्कम त्याच खात्यात असते.

माइनक्राफ्टसारख्या गेममध्ये वर्षभर बांधलेला वाडा कुठे असतो, हे वेळेवर माहीत असू द्या. मोबाईलवर तो बहुधा त्या एका फोनमध्येच असतो. गेम काढून टाकला, फोन पडून फुटला किंवा विकला, की वाडा गेला. उपचार संपले, मूल शाळेत जायला लागलं, तरी ते त्या जगात परत फिरायला जातं. आणि मूल गेलं, तर घरच्यांना तिथे जावंसं वाटतं, बहिणीला तर नक्कीच. म्हणून महिन्यातून एकदा जगाच्या सेटिंगमध्ये जाऊन ते निर्यात करा. ‘एमसीवर्ल्ड’ शेवट असलेली एक फाईल तयार होते. ती बाबांच्या फोनवर पाठवा, आणि बाबांनी ती तिथे उघडून कोंबड्यांचं खुराडं जागेवर आहे का ते बघून कळवावं.